लँकेशायरच्या गिरणी गावातलं बालपण: गोड आठवणींच्या मागचा कापसाचा हिशोब

इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशायरमध्ये ओल्डहॅम, बोल्टन, रॉचडेल, बर्नली, ब्लॅकबर्न अशी गावं आहेत, तिथं वाढलेली म्हातारी माणसं लहानपणाबद्दल बोलायला लागली की ठरावीक गोष्टी येतातच येतात. लाकडी तळाचे बूट, सोमवारची धुणी, परसातला संडास, शुक्रवारी शेकोटीसमोर पत्र्याच्या टबात आंघोळ, को-ऑपचा, म्हणजे सहकारी दुकानाचा, नंबर आणि वर्षातनं एकदा ब्लॅकपूलचा समुद्र. ऐकायला छान वाटतं, आपण पण 'काय साधे दिवस होते ना' म्हणून मोकळे होतो. मला मात्र यातली एकही गोष्ट साधी वाटत नाही. प्रत्येकीच्या मागं कापसाच्या धंद्याचा हिशोब आहे, आणि तो कळला की त्याच आठवणी वेगळ्याच वाचता येतात. तेच जरा उलगडून सांगते.

आधी धंदा काय होता ते थोडक्यात. पेनाइन डोंगरातनं येणारं पाणी, पायाखाली कोळसा, जवळ लिव्हरपूलचं बंदर, आणि हवा दमट. हवा कोरडी असली की सूत तुटतं, त्यामुळं जो पाऊस बाकीच्यांना नकोसा तो इथं कामाचा. यातनं गिरण्या इतक्या वाढल्या की १९११ मध्ये एकट्या ओल्डहॅममध्ये १ कोटी ६४ लाख चात्या (सूत पिळून ज्यांवर गुंडाळलं जातं त्या) फिरत होत्या, आणि अख्ख्या ब्रिटनमध्ये मिळून होत्या सुमारे ५ कोटी ८० लाख. म्हणजे देशातल्या पाव हिश्शापेक्षा जास्त, एका गावात!

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लँकेशायरमध्ये गिरणी गावं दोन जातीची होती. दक्षिणेकडं ओल्डहॅम, बोल्टन, रॉचडेल ही मुख्यतः सूत काढणारी, आणि उत्तरेकडं बर्नली, ब्लॅकबर्न, नेल्सन ही कापड विणणारी. सूतगिरणीत म्यूल नावाच्या मोठ्या यंत्रावर पुरुष मुख्य कारागीर, त्याच्या हाताखाली पोरं. विणकामात मात्र बायका मोठ्या संख्येनं, आणि त्यांना कापडाच्या मापावर पुरुषांच्याच दरानं पैसे मिळायचे, त्यामुळं लग्न झालं, पोर झालं तरी बर्नलीची बाई मागावर उभीच. त्यामुळं आई दिवसभर घरात होती की नव्हती हे पुष्कळदा गाव कुठलं यावर ठरायचं.

सकाळपासून सुरू करू. खूप घरांत गजराचं घड्याळ नसायचं, किंवा असलं तरी त्यावर भरवसा नसायचा, म्हणून गल्लीत एक माणूस लांब काठी घेऊन फिरायचा, काठीच्या टोकाला तारा लावलेल्या, आणि वरच्या मजल्यावरच्या बेडरूमच्या खिडकीवर टकटक करून उठवायचा. त्याला नॉकर-अप म्हणायचे, आणि आठवड्याला काही पेन्या घेऊन हे काम करायचा. गंमत म्हणून सांगितलं जातं हे, पण उशीर झाला तर गिरणीचं फाटक बंद आणि कमाई बुडाली, त्या भीतीच्या हिशोबात त्या पेन्या स्वस्तच. मग थोड्या वेळानं रस्त्यावर तो आवाज सुरू व्हायचा जो प्रत्येक म्हातारा माणूस सांगतोच, शेकडो क्लॉग्जचा. क्लॉग म्हणजे वरती चामडं, खाली लाकडाचा तळ आणि त्याला घोड्याच्या नालेसारखी लोखंडी पट्टी. फरसबंद रस्त्यावर पाय घासला की ठिणग्या उडायच्या, आणि पोरं अंधार पडल्यावर मुद्दाम उडवायची, आया ओरडायच्या कारण पट्टी झिजली की नवीन ठोकायला पैसे. हे बूट फॅशन म्हणून नव्हते हो, गिरणीतली जमीन ओली नाहीतर तेलकट, तिथं चामड्याचा तळ टिकायचा नाही, लाकूड टिकायचं आणि पाय कोरडे राहायचे. म्यूलच्या खात्यात तर तेलानं पाय घसरतो म्हणून बरेचजण अनवाणीच काम करायचे.

या म्यूलजवळ पोरं काय करायची? म्यूलचा पुढचा गाडा चाकांवर पुढं यायचा आणि परत मागं जायचा, दिवसभर, आणि येताना सूत ताणून पिळायचा. मधेच धागा तुटला की यंत्र थांबवायचं नाही, पोरानं चालत्या गाड्याबरोबर जाऊन दोन टोकं बोटांनी सांधायची. त्याला पीसर म्हणायचे. यासाठी लहान चपळ बोटं लागतात असं मालक म्हणायचे, आणि लहान पगार लागतो हे कोणी म्हणायचं नाही.

शाळेचं काय, तर त्याची एक अजब सोय होती, हाफ-टाइम. अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा. एक आठवडा सकाळी सहाला गिरणीत आणि दुपारी शाळेत, पुढच्या आठवड्यात उलट. १८७४ च्या कायद्यानं यासाठी कमीतकमी वय १० केलं, मग ११, मग १२. पहाटेपासून कामावर उभं राहिलेलं पोरगं दुपारी वर्गात काय शिकणार, ते बाकावर डोकं टेकून झोपायचं आणि कनवाळू मास्तर असला तर झोपू द्यायचा. अॅनी केनी ही पुढं बायकांच्या मताधिकाराच्या लढ्यात तुरुंगात गेलेली बाई ओल्डहॅमजवळची, दहाव्या वर्षी अशीच कामाला लागली आणि गिरणीत तिचं एक बोट तुटलं. जे. आर. क्लाइन्स ओल्डहॅमचाच, तोही दहाव्या वर्षी पीसर, आणि हा माणूस १९२९ मध्ये ब्रिटनचा गृहमंत्री झाला. ही उदाहरणं सांगताना 'बघा कष्टानं माणूस कुठं जातो' असं म्हणायचा मोह होतो, तो मी टाळते, कारण बाकीची हजारो पोरं गृहमंत्री झाली नाहीत, कमी ऐकू येणारी आणि खोकणारी म्हातारी माणसं झाली.

आणि ही पद्धत बंद करायला सगळ्यात मोठा विरोध कोणाचा असेल? खुद्द कामगारांचा. पहिल्या महायुद्धाच्या आधी युनियननं मतदान घेतलं तेव्हा मोठ्या बहुमतानं कामगारांनी वय वाढवायला नकार दिला. पोराचे थोडे शिलिंग घरात यायचे ते बंद झाले तर भाडं कसं भरायचं, हा सरळ प्रश्न होता. शेवटी १९१८ च्या शिक्षण कायद्यानं हाफ-टाइम गेलं, प्रत्यक्षात १९२१ पासून. म्हणजे १९३० किंवा ४० च्या दशकातल्या पोरांनी शाळा पूर्ण केली, पण त्यांच्या आयांनी आणि आज्यांनी नाही, आणि 'तुम्हाला काय माहीत, आम्ही तुमच्या वयात' हे वाक्य त्या घरांत रोज ऐकू यायचं त्याला अर्थ होता.

विणकामाच्या शेडमध्ये वेगळाच प्रकार. शेकडो माग एकदम चालू असताना काय आवाज असतो ते इचलकरंजी किंवा मालेगावात शेडजवळनं गेलेल्यांना सांगायला नको. तिथं बोलणं ऐकू येणं अशक्य, म्हणून बायकांनी ओठ वाचायची कला तयार केली, तोंड मोठ्ठं करून, चेहऱ्यानं, हातांनी बोलायचं, आवाज न काढता. मी-मॉइंग म्हणायचे त्याला. पोरांना आठवतं ते असं की आई आणि शेजारीण रस्त्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून एक शब्द न उच्चारता अख्ख्या गल्लीची भानगड एकमेकींना सांगायच्या आणि पोरांना काही कळायचं नाही. हे मस्तच आहे, पण यातल्या बऱ्याच बायकांना चाळिशीपर्यंत खरंच ऐकू यायचं कमी झालेलं असायचं. आणि धोट्याच्या (मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी तुकड्याच्या) भोकातनं धागा ओढायला त्या तोंड लावून चोखायच्या, एकच धोटा चार जणींच्या तोंडाला, दात खराब आणि छातीत कापसाची धूळ. ही पद्धत १९५२ मध्ये बंद करायला लावली, तोवर चालूच.

आता सोमवारच्या धुण्याकडं येऊ. आठवण अशी की सोमवारी शाळेतनं यावं तर घरभर वाफ, दोऱ्यांवर ओले कपडे, आई चिडलेली आणि जेवायला रविवारचं उरलेलं थंड मांस. सकाळी लवकर उठून तांब्याच्या मोठ्या भांड्याखाली विस्तव पेटवायचा, पाणी उकळलं की टबात कपडे, मग पॉसर नावाच्या दांड्यानं (खाली तांब्याची घंटेसारखी टोपी असते त्याला) दणादण आपटायचं, मग पाटीवर घासायचं, मग साधं पाणी, मग निळीचं पाणी, मग स्टार्च, आणि शेवटी मँगल, म्हणजे दोन लाकडी रूळ, हातानं फिरवून त्यातनं कपडा पिळायचा. मँगल फिरवायला पोरगं लागायचं, आणि बोट मधे जायचं. नीळ बहुतेक रेकिट कंपनीची, तीच कंपनी जिची रॉबिन नीळ आपल्या आज्यांनी धोतरं-साड्यांना लावली. दोऱ्या मागच्या बोळात एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत, आणि नेमका तेव्हाच कोळसेवाला गाडी घेऊन आला की जी काय जुंपायची!

पण ही आठवण सगळ्यांची सारखी नाही, आणि मघाशी दोन जातींची गावं सांगितली ती इथं उपयोगी पडतात. सोमवारी दिवसभर धुणं करायला आई घरात पाहिजे ना. ओल्डहॅमच्या सूत काढणाऱ्याच्या घरात ती बऱ्याचदा असायची. बर्नलीत आई मागावर, मग धुणं संध्याकाळी गिरणीतनं आल्यावर नाहीतर शनिवारी दुपारी, किंवा एखाद्या म्हाताऱ्या बाईला पैसे देऊन. तिथली पोरं पहाटे शालीत गुंडाळून आजीकडं किंवा शेजारणीकडं सोडली जायची, आणि आजीचं घर हेच खरं घर असं त्यांच्या आठवणीत असतं. जेवण तयार विकत आणायचं, चिपच्या दुकानात घरनंच वाडगा घेऊन जायचं. तळलेले मासे आणि बटाटे या भागात इतके चालले त्याचं मोठं कारण हेच, आई दहा तास उभी राहून आली की चूल कोण पेटवणार.

मग दाराची पायरी. दर आठवड्याला बाई गुडघ्यावर बसून पायरी धुणार आणि वर डाँकी स्टोन नावाच्या दगडाच्या वडीनं पांढरी नाहीतर पिवळसर कड काढणार. हा दगड भंगारवाला जुन्या चिंध्यांच्या बदल्यात द्यायचा, पोरं चिंध्या घेऊन धावायची. संध्याकाळपर्यंत पायरी पुन्हा काळी, कारण हवेत काजळी. मग कशाला एवढं? तर गल्लीत तुमची पायरी हीच तुमची इभ्रत होती, आत खायला असो नसो. काजळी किती होती त्याचा पुरावा एका पतंगानं ठेवलाय. मँचेस्टरजवळ एक पांढरट ठिपक्यांचा पतंग असायचा, झाडाची सालं काळी झाल्यावर पांढरे पक्ष्यांना दिसायला लागले आणि खाल्ले गेले, काळे वाचले. १८४८ मध्ये तिथं पहिला काळा नोंदला गेला आणि १८९५ पर्यंत जवळजवळ सगळेच काळे. उत्क्रांती शिकवताना हे उदाहरण जगभर देतात, तीच काजळी या बायका पायरीवरनं पुसत होत्या.

संडासाबद्दल फार लांबवत नाही. परसाच्या टोकाला, दिवा नाही, खिळ्याला वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे. विणकामाच्या गावांत टिपलर नावाचा प्रकार होता, म्हणजे स्वयंपाकघरातलं खरकटं पाणी जमिनीखालच्या एका भांड्यात साठायचं आणि भरलं की ते भांडं आपोआप उलटायचं, धडाड आवाज करून. पोरं बसलेली असताना झालं की घाबरून पळायची. पाण्याचा खर्च वाचायचा म्हणून नगरपालिका खुश.

पैशाकडं या, कारण इथं खरी मजा आहे. आठवड्याच्या शेवटी पगार. कमावत्या पोरांनी पाकीट न उघडता आईच्या हातात द्यायचं, आणि ती त्यातनं खर्चाला काही पेन्या परत देणार. घराचा सगळा कारभार तिच्याकडं. गॅसच्या मीटरमध्ये पेनी टाकली की तेवढाच वेळ गॅस. पुढच्या पगारापर्यंत पैसे पुरणार नसले तर बापाचा रविवारचा सूट सोमवारी गहाण आणि शनिवारी सोडवायचा.

आणि को-ऑपचा नंबर. ऐंशी वर्षांच्या बाईला नातवाचा फोन नंबर आठवत नाही पण आईचा को-ऑपचा नंबर ती झटकन सांगते, कारण लहानपणी पाव आणायला पाठवताना दहादा घोकून घेतलेला. हे का? १८४४ मध्ये रॉचडेलच्या टोड लेनवर २८ जणांनी मिळून एक दुकान काढलं. तेव्हा दुकानदार पिठात खडू मिसळायचे, वजनात मारायचे आणि उधारीत अडकवायचे. यांनी ठरवलं, माल चोख, वजन बरोबर, उधारी नाही, आणि नफा जो होईल तो ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. तो परतावा म्हणजे 'डिव्ही'. नंबर चुकीचा सांगितला तर तुमची डिव्ही शेजारणीला, म्हणून पोरांना घोकायला लावायचे. त्या पैशातनं पोरांचे बूट आणि व्हिटसनच्या सणाचे नवे कपडे यायचे. (मुंबईत १९४८ मध्ये नायगावात, गिरणी कामगारांच्याच वस्तीत, अपना बाजार सुरू झालं ते ग्राहकांच्या सहकाराच्या याच वाटेवरचं.)

खेळायला रस्ता, कारण घरं चिकटून आणि अंगण नाही, गाड्याही नाहीत. ५ नोव्हेंबरच्या शेकोटीसाठी (संसद उडवायचा जुना कट फसला त्याचा सण) पोरं कित्येक आठवडे लाकडं जमवायची, दुसऱ्या गल्लीची पोरं ती चोरायला यायची आणि रात्री पहारा ठेवायला लागायचा, आपल्या होळीसारखंच अगदी.

वर्षातला सगळ्यात मोठा दिवस मात्र वेक्स. प्रत्येक गावाचा स्वतःचा एक आठवडा, त्यात सगळ्या गिरण्या एकदम बंद आणि अख्खं गाव रेल्वेनं समुद्रावर, बहुतेक ब्लॅकपूलला. बर्नलीचा जुलैत, ओल्डहॅमचा ऑगस्टच्या शेवटी. पोरांना आठवतं की ब्लॅकपूलला गेलं तरी शेजारी तेच, मास्तर तेच, भांडणंही तीच. सगळे एकदम का जायचे? वाफेचं एकच इंजिन शेकडो यंत्रं फिरवायचं, त्यामुळं दहा कामगार रजेवर पाठवून काम चालू ठेवणं परवडायचं नाही, बंद तर सगळं बंद, आणि त्यात बॉयलर साफ करून घ्यायचा. गावांनी आठवडे वाटून घेतल्यामुळं ब्लॅकपूललाही महिनोन्महिने गिऱ्हाईक. पण ही सुट्टी बिनपगारी होती बरं का, पगारी रजेचा कायदा आला १९३८ मध्ये. तोवर वर्षभर क्लबात दर आठवड्याला थोडे थोडे साठवायचे आणि आठवडाभरात उडवून यायचं. ज्यांना जाणं परवडायचं नाही ती पोरं घरी राहायची, आणि त्यांच्या आठवणीत वेगळंच असतं, की त्या आठवड्यात धुरांडी बंद म्हणून गावातनं डोंगर स्वच्छ दिसायचे.

आता या सगळ्यात आपण कुठं? पहिल्यापासूनच. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ मध्ये सुरू झालं आणि तिकडचा कापूस थांबला, तेव्हा लँकेशायरमध्ये उपासमार झाली आणि आपल्याकडचा कापूस तिकडं जायला लागला. ते त्याला सरसकट 'सुरत' म्हणायचे आणि शिव्या द्यायचे, कारण आखूड धाग्याचा, सारखा तुटायचा. मुंबईत मात्र त्याच कापसाच्या पैशावर शेअरचा सट्टा पेटला आणि १८६५ मध्ये फुटला. मुंबईच्या कितीतरी गिरण्यांतली यंत्रं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची. म्हणजे ओल्डहॅमचा एक माणूस सूत काढत होता आणि त्याचा शेजारी त्याच्या स्पर्धकासाठी यंत्र बनवत होता, दोघंही एकाच चिपच्या दुकानात रांगेत! १९१३ मध्ये ब्रिटननं सुमारे ७ अब्ज यार्ड सुती कापड निर्यात केलं, त्यातलं ३ अब्जाच्या आसपास भारतात आलं. ते पुढं आटत गेलं, आपल्या गिरण्यांमुळं, जपानमुळं, आयात करामुळं आणि बहिष्कारामुळंही. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी ब्लॅकबर्नजवळच्या डार्वेन या गिरणी गावाला गेले, तिथं बेकारी भयंकर होती, आणि तरी गिरणीतल्या बायका त्यांच्याभोवती हसत, हात उंचावून उभ्या राहिल्या, तो फोटो प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी मीन्स टेस्ट आली. बेकारीचे पैसे मागितले की माणूस घरात येऊन सामान बघायचा, पियानो असेल तर विका म्हणायचा, आणि मोठ्या पोराची कमाई बापाच्या मदतीतनं कापायचा. घरचा पियानो कधी गेला हे सांगणाऱ्या आठवणी जवळजवळ नेहमी याच काळातल्या असतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर थोडी वर्षं बरी गेली, शाळेत फुकट दूध, १९५३ मध्ये गोळ्या-चॉकलेटवरचं रेशन उठलं. पण १९५८ मध्ये ब्रिटन कापड जितकं बाहेर पाठवत होता त्यापेक्षा जास्त आणायला लागला. उरलेल्या गिरण्यांनी नवीन यंत्रं घेतली, ती महाग, म्हणून चोवीस तास चालवायची, आणि बायकांना रात्रपाळी द्यायला कायद्याची आडकाठी, तर रात्री उभं कोण राहणार? मीरपूर (पाकव्याप्त काश्मीरमधलं), सिल्हेट (आता बांगलादेशात) आणि गुजरातमधनं आलेले पुरुष. बोल्टन, ब्लॅकबर्न, ओल्डहॅमच्या त्याच ओळीतल्या घरांत त्यांची कुटुंबं राहायला लागली. त्यांच्या पोरांच्या आठवणीत क्लॉग नाहीत आणि वेक्सला ब्लॅकपूलही क्वचितच, पण परसातला संडास आहे, पत्र्याचा टब आहे आणि दिवसा झोपलेला बाप आहे. ओल्डहॅमची सूत काढणारी शेवटची मोठी गिरणी, एल्क मिल, १९९८ मध्ये बंद झाली, आता त्या जागेवर दुकानांचा रिटेल पार्क आहे आणि नावही तेच, एल्क मिल.